खुर्ची पुन्हा कुरकुरली

मंगळवार, गोरेगाव. दिवेलागण.

दुकानातली खुर्ची पुन्हा कुरकुरली. वजन उतरवायला पोट लहान करायचं ऑपरेशन झाल्यापासून गप्प होती. वजन परत चढून राहिलंय, पण पोट एवढंसं केल्यावर चढतं काहून? आज नीट लक्ष दिलं. दुपारी अर्ध्या भाकरीतच पोट गच्च झालं. आत्ता मात्र चहात बुडवून सात टोस्ट गेले, एकही अडला न्हाई. मऊ लगदा सरळ खाली उतरत असेल का? डॉक्टरांना विचारायला हवं, पण वर्षभर त्यांना तोंड दाखवलेलं न्हाई.

"उद्या फोन करतो," असं बायकोला म्हणत उठलो. खुर्ची कुरकुरली.

"तिलाबी खरं वाटंना," बायको म्हणाली.

परत बसलो, फोन लावला. डॉक्टरांनी विचारलं, काय खाता? सातच्या सात सांगितले.