आबाचा रोल माझाच

६ ऑक्टोबर, रविवार
स्पर्धेसाठी आमच्या मंडळाच्या नव्या नाटकाचं वाचन झालं. लेखन-दिग्दर्शन दानेश्वरी मॅडमचं. त्या शाळेत शिकवतात, त्यामुळे आम्हालाही पाचवीतलेच समजतात. मुख्य पात्र आबा, गिरणी बंद पडलेला म्हातारा कामगार. हा रोल माझा. वाचन चालू असतानाच मला कळलं, आता फक्त मॅडमना कळायचं राहिलंय. त्या म्हणाल्या, कोण काय करणार ते दिवाळीच्या आत ठरवू. ठरवा की.

घरी येताच गावाकडे, मंगळवेढ्याला तात्यांना फोन लावला आणि हीरो मीच असल्याचं सांगून टाकलं. शाळेच्या गॅदरिंगला मी काम केलं तेव्हा तात्या मेंढरांच्या बाजाराला गेले होते. त्यानंतरही माझं एकही नाटक बघितलं नाही. नाटक म्हणजे रिकामटेकड्यांचा धंदा, असं त्यांचं मत. आज मात्र येतो म्हणाले. मुलगा हीरो म्हटल्यावर बाप येतोच.

८ ऑक्टोबर
मोबाइलवर अभिनयाचे व्हिडिओ बघायला सुरुवात. आजवर नुसत्या टॅलेंटवर चाललं होतं. आता टेक्निक.

पहिला धडा: श्वास पोटातून. उताणं पडायचं, पोटावर वजन ठेवायचं आणि श्वासानं ते वर-खाली करायचं. दुपारी भवानी पेठ सुस्त असते. मी कामाला आहे त्या चादरींच्या दुकानात गिऱ्हाईक नाही. गठ्ठ्यावर आडवा झालो आणि पोटावर जाड चादरींची चळत घेतली. श्वास इतका खोल गेला की डोळा लागला. मालक आले तेव्हा एक बाई माझ्या पोटावरच्या चादरीचा भाव विचारत होत्या. मालक नको ते बोलले. चादर खपली, ते कोणी बघत नाही.

११ ऑक्टोबर
दातांत पेन्सिल धरून आबाचे संवाद म्हटले. उच्चार सुटे होतात. सुकन्येनं विचारलं, कुठली दाढ दुखतेय, आणि लवंग आणून दिली. बायकोला टेक्निक समजावणं अवघड. लवंग धरली दाढेत.

१५ ऑक्टोबर
तालीम. आजचं टेक्निक: स्वतःचं खरं दुःख आठवायचं आणि ते पात्राला द्यायचं. लहानपणी लांडग्यानं नेलेलं माझं कोकरू आठवलं. ढसाढसा रडलो. मॅडम म्हणाल्या, रडणं खरं वाटतंय, पण इथं आबा फक्त चहा मागतोय. यांना खोली कळत नाही.

मग सोमशेखरला तोच प्रवेश करायला लावला. विमा एजंट आहे. घरात बोलल्यासारखं बोलतो. त्याला अभिनय म्हणत नाहीत.

२७ ऑक्टोबर, रविवार
आबा सोमशेखरला. मला डॉक्टर.

मॅडम म्हणाल्या, डॉक्टरलाही वजनदार माणूस हवा. खरं आहे. छोट्या भूमिकेतच नटाचा कस लागतो. तात्यांना कळवलं नाही. पेशंटच्या दृष्टीनं डॉक्टर हीरोच असतो.

७ नोव्हेंबर
दिवाळीनंतरची पहिली तालीम. डॉक्टरला पॉज दिला. आबाची नाडी बघायची, गप्प राहायचं आणि मग वाक्य टाकायचं. नाडी धरली आणि पॉज घेतला. असा पॉज सोलापुरात कोणी घेतला नसेल. सोमशेखरनं हात सोडवून घेतला आणि पुढचं वाक्य म्हणून मोकळा झाला. मॅडमनी विचारलं, विसरलात का? मी म्हणालो, शांतता बोलते. त्या म्हणाल्या, स्पर्धेत नाटक वेळेत संपवावं लागतं. हा नियम कलाकाराने केलेला नसणार.

१४ नोव्हेंबर
डॉक्टर आता स्टेजवर येत नाही, फोन करतो. त्याचा आवाजही नाही. सोमशेखर रिसीव्हर कानाला लावून नुसती मान हलवतो.

चप्पल घालून निघालोच होतो. मॅडमनी थांबवलं. म्हणाल्या, आबाचं सगळं तुम्हाला पाठ आहे, विंगेत प्रॉम्प्टिंगला बसा, सगळं नाटक तुमच्या जिवावर. आजवरचं त्यांचं पहिलं शहाणपणाचं वाक्य. विंगेत बसून मी सगळी पात्रं करणार. सोमशेखरच्या वाट्याला एकच.

२१ नोव्हेंबर
रविवारी प्रयोग. तात्यांना फोन केला. थंडी आहे, प्रवास झेपायचा नाही म्हणालो. ते म्हणाले, मेंढरं शेजारच्या बजाबाईकडे सोपवलीत, नवा पटकाही घेतलाय. खरं सांगायला तोंड उघडलं, पण श्वास पोटातच राहिला. उद्या सांगतो.

२२ नोव्हेंबर
रेंज नव्हती. म्हणजे त्यांना. मला होती.

२४ नोव्हेंबर, रविवार, दुपारी ४
तात्या आले. त्यांना मुद्दाम शेवटची रांग दिली. त्यांना दिसतं कमी, ऐकू त्याहून कमी येतं. मेकअप केलेला, पटका बांधलेला सोमशेखर एवढ्या लांबून माझ्यासारखा दिसू शकतो. स्वतःच्या बापाला फसवणं बरं वाटत नाही. पण टेक्निकली शक्य आहे.

२५ नोव्हेंबर
चूक कोणाची, ते आधी लिहून ठेवतो. दुसऱ्या अंकात आबाचा मोठा संवाद आहे. सोमशेखर मध्येच थांबला. तो तिथे मुद्दाम थांबणार, तुम्ही बोलायचं नाही, असं मॅडमनी बजावलं होतं. पण किती वेळ? पॉजला काही मर्यादा असते. मी वाक्य दिलं. पोटातून, सुट्या उच्चारात, भावनेसकट. एकदा आवाज लागला आणि मग आवरेना. पुढचं सगळं आधी मी म्हटलं, नंतर सोमशेखरनं. लोक हसले, मग माझ्या वाक्यांना टाळ्या द्यायला लागले. मॅडमनी माझ्या हातातून संहिता काढून घेतली. मला पाठ होतं.

परीक्षक म्हणाले, या नाटकात प्रॉम्प्टर सोडून कोणीच नीट ऐकू आलं नाही. नंबर गेला. मॅडम माझ्याशी बोलल्या नाहीत. सोमशेखर बोलला, ते लिहीत नाही.

आज सकाळी तात्यांना एसटी स्टँडवर सोडायला गेलो. घरी त्यांनी नाटकाचा विषयही काढला नव्हता. बाकावर बसल्यावर म्हणाले, "सगळं तुजंच बोलनं हुतं की. बाकीची नुस्ती तुज्या मागनं म्हनत हुती."

इतकी वर्षं मला त्यांच्याकडून एवढंच ऐकायचं होतं. मग त्यांनी विचारलं, "पर तू म्होरं का आला न्हाईस?"

मॅडमवर, लाइटवर ढकलता आलं असतं. नाही ढकललं. म्हणालो, "मला न्हाई घेतलं तात्या. त्ये काम दुसऱ्याला दिलं."

तात्यांनी नवा पटका सोडून पुन्हा बांधला.

"आरं, मग गप बसायचं हुतंस की."

मंगळवेढ्याची गाडी लागली. तात्यांना खिडकीची जागा मिळाली. गाडी सुटेपर्यंत थांबलो, दुकानात उशिरा पोचलो, मालक बोलले.

काहीही असो. शेवटच्या रांगेत, कानानं अधू माणसाला माझा शब्दन् शब्द ऐकू गेला, हे सोमशेखरला सांगणार आहे. सकाळपासून लावतोय. तो फोन उचलत नाही.