नळीतल्या काड्या

सोमवार, ३
आले एकदाची! प्रयोगशाळा इस्पितळाच्या पहिल्या मजल्यावर, आणि आमची खोली समोरच्याच गल्लीत. आमची म्हणजे माझी आणि धाकट्या बंधुराजांची. कॉलेजसाठी आलेत, सामान उचलायची वेळ आली की यांची कंबर धरते. मी पाठीच्या कण्यातून काढलेलं पाणी तपासणार. त्यात जंतू दिसले की मेंदूज्वर. विभागाच्या मोठ्या बाई कडक आहेत, पण चहा स्वतः करून देतात.

शुक्रवार, ७
सहा रोगी, आणि सूक्ष्मदर्शकाखाली सहाही जणांच्या पाण्यात त्याच गुलाबी काड्या, म्हणजे काडीच्या आकाराचे जंतू. जंतू वाढवायच्या बशीत मात्र एकही वाढत नाही. कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटलं, म्हणून कोऱ्या नळीत निर्जंतुक पाणी घालून रंगवून पाहिलं. काड्या! मेलेले जंतू नळीतच होते, आणि डॉक्टर उगाच माणसांना जालीम औषधं टोचत होते.

बुधवार, १२
बाईंनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. खोट या एकाच खोक्यातल्या नळ्यांत आहे, पण ते फेकायचं बाईंच्या जिवावर येतं. संपेपर्यंत वापरायचं ठरलं. माझ्यासाठी खास शिक्का केलाय: 'नळीतील मृत जंतू. दुर्लक्ष करावे.' ठोकताना भारी वाटतं. बंधुराज म्हणाले, ताई आता साहेबीण झाली.

सोमवार, १७
जुनं खोकं संपलं, नवं फोडलं. नळ्यांना तीच निळी बुचं. घरी आले तर बंधुराज पांघरुणात. डोकं ठणकतंय, दिवा नको म्हणे. परीक्षेची नाटकं, असं मी म्हटलं.

मंगळवार, १८
तापाने फणफणला. भरती केलं. त्याचं पाणी मीच तपासलं. काड्या दिसल्या आणि हायसं वाटलं. त्याच, नेहमीच्या. शिक्का ठोकला. डॉक्टरांनी सुरू केलेलं औषध थांबवलं. मीच तसं सांगितलं.

बुधवार, १९, सकाळ
तो मला ओळखत नाही.
त्याच्या कण्यातलं पाणी जरा गढूळ होतं, निरोगी माणसाचं नितळ असतं. आत्ता आठवतंय.

दुपार
खोकं. नवं खोकं — सोमवारी मीच —
कोरी नळी. काही नाही. दुसरी. काही नाही. दहाही स्वच्छ.
म्हणजे त्या काड्या त्याच्या —
वॉर्ड पलीकडच्या इमारतीत. फोन कानाला धरूनच लिहितेय, हात थांबत नाही. औषध सुरू करा, एवढंच सांगायचंय. कोणी उचलत नाही.
उचलला. नर्स म्हणते, तुम्हालाच शोधत होतो. म्हणते, आधी खाली बसा, मग —