बंधुराजांचं वेगळं ताट

ठाकुर्ली, रविवार

आदरणीय वन्सं,

वाकून नमस्कार (गुडघा वाकतो तेवढाच). तुमची सांधेदुखी कशी आहे? सकाळचं तळ्याभोवतीचं चालणं सुरू आहे ना? फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तुम्ही बोलता आणि मी ऐकते, आणि या वेळी सांगायचं मला आहे. शेवट आधीच सांगते, नाहीतर पत्र अर्धवट टाकून तुम्ही ठाण्याहून रिक्षा कराल. तुमचे बंधुराज बरे आहेत.

झालं असं, की दिवाळीनंतर यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. त्याआधी रक्त तपासलं, तर हेपटायटिस सी निघाला. म्हणजे काविळीच्या घराण्यातलाच, यकृताला धरणारा. पण हे ना पिवळे पडले होते, ना थकले होते. आदल्याच दिवशी गच्चीवर चढून पाण्याच्या टाकीवरून सेक्रेटरीशी भांडून आले होते. नाव ऐकलं मात्र, आणि मोठ्या डॉक्टरकडे जायच्या आधीच यांनी बंदोबस्त सुरू केला. ताट वेगळं, पेला वेगळा, गादी गॅलरीत कुंड्यांशेजारी. सूनबाई अंतरा चहा घेऊन गेली की तिथूनच ओरडायचे, "उंबऱ्यावर ठेव, जवळ येऊ नकोस!" नात गळ्यात पडायला धावली, तर हे खुर्चीवर चढले. या वयात, वन्सं, आणि मोतीबिंदूसकट! मी आधी पोटभर हसले. पण पोर रडायला लागली, तरी हे उतरेनात. हात धरून उतरवलं, तर आधी मला साबणाने हात धुवायला लावले.

चिरंजीव मुकुलने कल्याणच्या डॉक्टर ट्रिशा परेरांकडे नेलं (वसईच्या आहेत, बोलायला फार गोड). हे मास्क लावून, खुर्ची भिंतीला टेकवून बसले. बाईंनी खुर्ची पुढे ओढायला लावली आणि सरळ यांचा हात हातात घेतला. म्हणाल्या, "काका, शिंकेने, मिठीने, एका ताटात जेवल्याने हे होत नाही. तुमचं रक्त दुसऱ्याच्या रक्तात गेलं तरच होतं."

"म्हणजे मी हिच्या ताटातलं खाल्लं तर चालेल?"

"चालेल की. फक्त त्यांना विचारून खा."

मग त्यांनी सगळं समजावलं. पूर्वीच्या नीट न उकळलेल्या सुया, न तपासता चढवलेलं रक्त, एकमेकांचे वस्तरे, रस्त्यावरचं गोंदवणं, अशा वाटांनी हा विषाणू शिरतो आणि वर्षानुवर्षं गुपचूप यकृत पोखरतो. पहिल्या तपासणीत तो कधीतरी येऊन गेला एवढंच कळतं. अजून मुक्काम आहे का, ते दुसरी सांगते. यांच्याकडे मुक्काम होता. लस नाही, पण गोळ्या आहेत, तीनेक महिन्यांच्या, आणि बहुतेक सगळे बरे होतात.

एवढं ऐकूनही घरी आल्यावर यांनी ताट वेगळंच घेतलं. मी शेजारी बसले आणि त्यांच्या ताटातला वरणभाताचा घास उचलून खाल्ला. हे मग म्हणाले, "मीठ कमी आहे ना?" मी म्हटलं, "आहे." त्या दिवशी गादी आत आली.

गोळ्या सुरू झाल्या, तसा यांचा प्रचारही सुरू झाला. आपला वस्तरा, ब्रश आणि नेलकटर कपाटात कुलूपबंद केले, ते ठीकच. पण गोविंदाच्या सलूनमध्ये जाऊन बसायला लागले, प्रत्येक गिऱ्हाइकाला नवीन ब्लेड लागतं का बघायला. गोविंदा बिचारा म्हणाला, "काका, पाकीट रोज तुमच्यासमोरच फोडतो. पण तुम्ही स्वतः दाढी कधी करणार?" शेजारच्या शांताबाईंना मात्र यांनी खरंच वळवलं. त्यांना साध्या सर्दीलाही सुई टोचून घ्यायची हौस. आता गोळीने भागत असेल तर सुई नको म्हणतात, आणि टोचायचीच झाली तर पाकीट डोळ्यांसमोर फोडून घेतात.

गोळ्या संपल्यावर आणखी तीन महिने थांबून पुन्हा रक्त तपासलं. विषाणू नाही! डॉक्टर म्हणाल्या, पुन्हा होऊ शकतो, काळजी सोडू नका. यांनी त्याचा अर्थ प्रचार सोडू नका असा घेतला. मोतीबिंदूही निघाला. आता यांना सगळं लख्ख दिसतं, माझ्या स्वयंपाकघरातले कोपरेसुद्धा.

तुम्हाला नातीचा गोड पापा.

तुमची,
सुमती

ता. क. – परवा हे सांगत होते, तुम्ही भावंडं लहान असताना नाथा कंपाउंडर घरी यायचे आणि एकाच सुईने सगळ्यांना टोचायचे. यांना तिथूनच झाला, असं डॉक्टर म्हणत नाहीत. इतक्या वर्षांनी कुणालाच सांगता येत नाही. पण रांगेत यांच्यामागे तुम्ही असायचात. तुम्ही ठणठणीत आहात, मला माहीत आहे. हेही होते. एकदा तपासून घ्या.

ता. क. दुसरा – घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली, असं हे गावभर सांगतात. माझी झालेली नाही. लॅबच्या दारापर्यंत जाते आणि परत येते; सुई दिसली की मला घेरीच येते. तुम्ही शेजारी असलात तर पळणार नाही. बुधवारी कल्याणला याल? उपाशी जावं लागत नाही, विचारून ठेवलंय. आधी मिसळ खाऊ, मग घाबरू.