यकृत की काळीज

ति. शैलाताई,

पाया पडतो, गुडघा वाकेल तेवढाच. भाऊजींचा खोकला गेला का? नसेल तर ओवा द्या, डॉक्टर बदलत बसू नका.

तुझ्या भावजयीने, चारूने, मला इथे जर्मनीत येनाला कशाला धाडलं ते तुला ठाऊक आहेच. आमच्या अन्वीने ठरवलेला मुलगा बघायचा आणि जमल्यास मोडून यायचं. अन्वी इथल्या युनिव्हर्सिटीत मोरोक्कोकडच्या बर्बर भाषांवर संशोधन करते. म्हणजे हातापायाला, नाकाला ते लोक काय म्हणतात आणि तो शब्द आला कुठून. (याचा पगार मिळतो. मी जन्मभर नाकाला नाक म्हणतोय, कुणी चहा पाजला नाही.) जीभ म्हणजे इलेस, अरबीत लिसान. मी म्हटलं, उचलला असेल. तर नाही म्हणे, दोन्ही एकाच जुन्या घराण्यातले, चुलत भाऊ. शब्दांची कुळी एवढी तपासते, स्वतःची सोयरीक मात्र ट्रामच्या स्टॉपवर जमवली.

रविवारी मुलाकडे जेवायला गेलो. इदिर नाव, मूळचा त्या बर्बर लोकांतलाच, इथे भिंगांच्या कंपनीत इंजिनियर. त्याची आई फादमाबाई. वाढून वाढून माझा जीव घेतला, मग मुलाच्या पाठीवर हात फिरवत, डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, तासा, तासा. मी अन्वीला विचारलं, काय तासाला? हिला शब्दाला शब्द लावायची खोड, त्यात तोंडात घास. "यकृत," म्हणाली, "यकृत." एवढा धडधाकट पोरगा, आणि आई रडतेय! मी बाथरूममध्ये जाऊन चारूला फोन लावला, मुलाचं यकृत गेलंय.

परतताना अन्वीला म्हटलं, दुखणेकऱ्याशी लग्न नको. ती ट्राममध्ये अशी हसली की शेजारचं कुत्रं उठून पलीकडे बसलं. मग म्हणाली, "बाबा, त्यांच्यात आईची माया यकृतात असते. आणि आपलं काळीज म्हणजे हो काय? खाटीक काळीज म्हणून काय तोलून देतो?"

ताई, यकृतच देतो गं. आपण पोरांना काळजाचा तुकडा म्हणतो तो त्यातलाच. मला एवढ्या वयात हे जर्मनीत कळावं.

तुझा,
पद्माकर

ता.क. लग्न मोडलं असं चारूने सगळ्या नात्यात कळवलंय, वर मुलासाठी काढाही पाठवलाय. तू जाऊन सांग, मुलगा ठणठणीत आहे. माझं ती ऐकत नाही.

ता.क. दुसरा. होकारही गेलाय, तेही तूच सांग. निघताना फादमाबाईने हात धरून काहीतरी विचारलं. इथे कळलं नाही की सगळे गेनाऊ म्हणतात, म्हणजे अगदी बरोबर. मीही म्हटलं. तिने लग्नाचंच विचारलं होतं. आता शब्द मागे घेणार नाही. पोरगा चांगला आहे, आणि गेलेला शब्द कुठून आला ते मी शोधत बसत नाही.