रोपवाटिकेवाल्यावरचा संशय

पनवेल,
गुरुवार, १२ फेब्रुवारी २०२६

प्रिय किशोरी,

सलाम. कराडची थंडी ओसरली असेल. तुझा गुडघा कसा आहे, आणि जिने चढू नकोस हे कितव्यांदा सांगू? मी ठीक. कामोठ्यातला क्लासही ठीक. परीक्षा तोंडावर आली तरी दहावीची पोरं प्रमेयं पाठच करतात, समजून घेत नाहीत. म्हणजे सगळं नेहमीसारखं.

आता तुझ्या पुस्तकाबद्दल. कुरियरचं पाकीट फोडलं आणि कपाळावर हात मारला. वीस वर्षं आपण एकमेकींना पुस्तकं पाठवतोय. मला पहिल्या वीस पानांत एक तरी मुडदा लागतो हे तुला चांगलं ठाऊक आहे. आणि तू पाठवतेस प्रेमकथा! तीही पन्नाशी उलटलेल्यांची! मधुमेहाच्या गोळ्या घेणारा हिरो! नियम नसता तर त्याच दिवशी परत धाडली असती. पण आलेलं पुस्तक पुरतं वाचायचं आणि निकाल फोनवर नाही, पत्रातच द्यायचा, हे आपणच ठरवलेलं.

तर निकाल ऐक. नुसता कंटाळा नाही, चीड आली. नव्वद पानं झाली तरी काही घडतच नाही. तो रोपवाटिकेवाला विधुर शेजारच्या विधवेला एकेक कुंडी आणून देतो. आधी मोगरा, मग कढीपत्ता, मग लिंबू. कशासाठी? मी पेन्सिल घेऊन बसले. माझ्या अंदाजानं त्याचा डोळा तिच्या घरामागच्या जमिनीवर होता आणि पहिल्या बायकोला त्यानंच संपवलं होतं. दीडशेव्या पानापर्यंत समासात पुरावे लिहीत गेले. माफ कर, पुस्तक तुझं आहे, खोडून देईन. आणि शेवटी निघालं काय, तर त्याला ती आवडते. बस. एवढंच.

हे पुस्तक तू का पाठवलंस ते न कळायला मी खुळी नाही. नियाजचं नाव मी तुझ्याकडे दोनदाच काढलं, तेही इन्व्हर्टरच्या निमित्तानं. तेवढ्यावरून तू वास काढलास.

तर सांगूनच टाकते. नियाजचं पनवेलच्या बाजारात इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान आहे. क्लासचा इन्व्हर्टर बिघडला तेव्हा आला, मग बिघडला नसतानाही यायला लागला. बॅटरीत पाणी घालायला. दर आठवड्याला. कुठली बॅटरी इतकं पाणी पिते? डिसेंबरात सरळ म्हणाला, "शाजियाबाई, माझी बेगम जाऊन सहा वर्षं झाली. तुमची रजामंदी असेल तर निकाहचं विचारायचं होतं. घाई नाही." मी म्हटलं, विचार करून सांगते.

विचार केला नाही. तपास केला.

हसू नकोस. अरसलानने नवरा म्हणून मागे ठेवलेलं एकच, पळस्प्याचा प्लॉट, आता माझ्या नावावर आहे. विमानतळ झाल्यापासून, ज्यांनी कधी ईदलाही फोन केला नाही ते नातेवाईक माझ्या तब्येतीची चौकशी करतात. मग या माणसाचं काय सांगावं? त्याची बायको कशानं गेली हे त्यालाच विचारायचं सोडून मी उरणला त्याच्या मेव्हणीकडे, कुबराआपांकडे गेले. गळ्यात शाळेचं जुनं ओळखपत्र, हातात फाइल, आणि 'महिलांच्या आरोग्याची पाहणी' असा बहाणा. माझ्या पुस्तकांतले डिटेक्टिव्ह असेच तर जातात.

कुबराआपांनी मला बसवलं. तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं सालन वाढलं, प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलं. बहिणीच्या किडन्या गेल्या होत्या, चार वर्षं डायलिसिस चाललं. दारापर्यंत सोडायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "शाजिया ना तुमी? नियाजनं फोटो दाखवलाय. आमी कवाच वळखलं."

तोंड कुठे लपवू असं झालं मला. "मग बोलला का नाहीत?"

"भुकेल्या दिसल्या, म्हटलं आधी जेवू दे. आता जे इचारायचं हाय ते त्यालाच इचारा. तो काय लपवायचा नाय."

त्यांनी त्याला सांगितलं असणारच. गेल्या बुधवारी तो क्लासवर आला. बॅटरीकडे बघितलंही नाही. टेबलावर जाड फाइल ठेवली. "हॉस्पिटलचे सगळे कागद आहेत, बघून घ्या. प्लॉटबद्दल शंका असेल तर हवं ते लिहून देतो." दारात थांबून एवढंच म्हणाला, "मला विचारलं असतंत तर बरं वाटलं असतं." आणि गेला. आवाज चढवला असता तर मी भांडले तरी असते! आठ दिवस मी त्याच्यावर, तुझ्यावर आणि त्या रोपवाटिकेवाल्यावर चिडून बसले आहे. तुझ्या पुस्तकात असला घोळ तीन पानांत मिटतो. ती धावत जाते, तो कुंड्यांना पाणी घालत असतो, झालं. मी कुठे धावू?

फाइल वाचली. किशोरी, चार वर्षांचे कागद. प्रत्येक संमतीपत्रावर 'रुग्णाशी नातं: पती' आणि खाली त्याची सही. दुसऱ्या कुणाची सही कुठे सापडते का म्हणून मी शोधली. एकही नाही. शेवटच्या महिन्यात अक्षर हललेलं आहे, पण त्याचंच. तो गुन्हेगार निघाला असता तर किती सोपं होतं! नकार देऊन मोकळी झाले असते, तुला फोन करून हसले असते. माणूस चांगला निघाला तर पुढे काय करायचं, हे माझ्या एकाही पुस्तकात नाही.

काल मीच फोन केला. माफी मागायला तोंड उघडलं आणि निघालं भलतंच. "तुम्ही माझी चौकशी केलीत?"

"नाही."

"माझे शोहर कसे गेले, तेही नाही?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबलोय."

आता जे लिहितेय ते तुलाही सांगितलेलं नाही. नऊ वर्षांपूर्वी कुवेतहून अरसलानची पेटी आली तेव्हा कंपनीच्या कागदावर 'हृदयविकार' एवढंच लिहिलेलं होतं. दिरांनी विचारलं, "भाभी, उघडायची का? चेहरा बघायचाय?" दीर सोडले तर सगळ्यांना वाटतं कंपनीनं मनाई केली होती. कुणीही केली नव्हती. मीच म्हटलं, उघडू नका. मला भीती वाटली. पेटी तशीच दफन केली. तो खरंच कसा गेला हे मला आजतागायत माहीत नाही, कारण मी बघितलंच नाही.

उद्या जुम्म्याच्या नमाजनंतर दुकान उघडलं की जाणार आहे. निकाहचं उत्तर अजून ठरलेलं नाही, खरंच नाही. आधी हे सांगणार. चार वर्षं बायकोच्या उशाशी बसलेल्या माणसाला वाटेल, जिनं स्वतःच्या नवऱ्याचा चेहरा बघितला नाही ती माझं काय बघणार? वाटलं तर त्याचं चुकणार नाही. आणि तो 'राहू दे' म्हणाला तर मला फार लागेल, हेही आता लिहूनच टाकते. पण त्याला हे दुसऱ्या कुणाकडून कळायला नको.

तुझ्या देवापाशी माझ्यासाठी दोन मिनिटं बस.

घाबरलेली, पण या वेळी तोंड न फिरवणारी,
तुझीच
शाजिया