आधी वास, मग घोट

प्रिय नकटे,

या नावाने हाक मारलेली तुला आवडत नाही, पण तीन वर्षांनी पत्र लिहितोय, तर एवढी मुभा दे. नाक नकटं असलं तरी आपल्या बिअरच्या कारखान्यात तुझ्याइतकं तिखट नाक दुसरं नव्हतं. माझंसुद्धा नाही, हे आता कबूल करतो.

तू गेल्यावर दुकानात बिअरच्या नळावर नवा माणूस ठेवला. कामाला वाघ आहे, पण ग्लासला साबण तसाच राहू देतो आणि वर फडक्याने पुसतो. मग फेस टिकणार कसा? सांगून सांगून माझा घसा कोरडा पडला की बाबा रे, गरम पाण्याने नीट खळखळून काढ, पालथा घालून निथळू दे, ओतताना तिरपा धर, शेवटी सरळ कर, वर दोन बोटं फेस येऊ दे. आणि बर्फासारखी गार देऊ नकोस, गारठ्यात वास दबतो. तुला हे एकदाच सांगावं लागलं होतं. आधी वास, मग घोट, हे तर तू तुझ्या आईलाही शिकवलंस. ती बिचारी ग्लास नाकाशी धरून म्हणायची, मला आपलं ओल्या पोत्यासारखं वाटतं, आणि आपण दोघं हसत सुटायचो.

त्या दिवशीचं लिहायलाच हवं. कारखान्यापुढचं आपलं दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं, आणि तू नव्या पिंपातला पहिला ग्लास नाकाशी नेऊन खाली ठेवलास. "बाबा, याला लोण्याचा वास येतोय. नको देऊस ही." पुरती मुरण्याआधी घाईने भरली की असा वास राहतो, हे मीच तुला शिकवलेलं. मी तीनदा हुंगलं, मला काही येईना. सगळ्यांसमोर म्हणालो, उगाच नाकाने कांदे सोलू नकोस. तू एप्रन खुंटीला अडकवलास आणि निघून गेलीस. संध्याकाळपर्यंत निम्मे ग्लास न संपवता परत आले. मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलंही असेल, पण ज्याचं पोट नाकावर चालतं त्याने ते सांगायचं कुणाला?

आई गेली तेव्हा तू दोन दिवस राहिलीस आणि माझ्याशी कामापुरतं बोललीस. त्यात तुझी चूक नाही. गेल्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, वास घेण्याची शक्ती पाच-सहा वर्षांपासून हळूहळू जात होती, आता ती परत येणार नाही. कारखाना विकायला काढलाय.

पण पत्र त्यासाठी नाही. आईची करडी शाल मी न धुता डब्यात बंद करून खालच्या गार खोलीत ठेवली होती, वास उडू नये म्हणून. परवा काढली. काहीच नाही. वाटलं, गारठ्याने दबला असेल, म्हणून तासभर उबेत ठेवून पुन्हा नाकाशी धरली. मग रडलो, खोटं कशाला सांगू. वास शालीतूनच गेलाय की फक्त माझ्यापुरता, हे मला कळायला मार्ग नाही. डब्याचं झाकण पुन्हा घट्ट लावून ठेवलंय. तू ये आणि हुंगून सांग, तुझी आई अजून त्यात आहे का. या वेळी तू सांगशील ते मी खरं मानेन.

तुझाच,
हट्टी बाबा