चुन्याची निवळी

मुळगाव

प्रिय गौरेश,

अक्षर तुझ्या बहिणीचं, तोंड तुझ्या आजीचं. गौरवीनं आधीच विचारलं, आता कोंकणी राजभाषा झाली, तर कोंकणीत लिहू का? मी म्हटलं, या घरातली पत्रं मराठीतच गेली आणि मला दोन्ही वाचता येत नाहीत. तू लिही.

म्हस व्याली. रेडकू तुझ्यावर गेलंय, अंगानं बारीक आणि हट्टी. बेळगावला दुकानात बसून तू साबण विकतोस म्हणे. इतकी वर्षं रसायनं शिकलास, निदान साबणाशी तरी सोयरीक जुळली.

गोकुळदासाच्या कारखान्यात खिळ्यांना जस्त चढवतात, त्याचं पाणी अजून आपल्या ओहोळातच येतं. वायंगणाची, उन्हाळी भाताची, रोपं यंदाही पिवळी. तू त्या पाण्याचं पिंप परसात आणलंस, चुन्याची निवळी मापून घातलीस. जस्ताचा पांढरा गाळ खाली बसू लागला तेव्हा तुझं तोंड मी पाहिलंय. महाग यंत्र नको, चुना पुरे, हे दाखवायला तू गोकुळदासाला बोलवायला गेलास. मग पिंपातल्या पाण्याची बाटली पणजीला तपासायला गेली आणि कागद आला, जस्त पाण्यात तसंच. चुना भिंतीला लावतात, असं म्हणून गोकुळदास हसला. तिसऱ्या दिवशी पेटी भरलीस.

परवा माळा झाडताना तुझी वही सापडली. गौरवी वाचत होती, मी पान लावत होते. त्यात तू लिहिलंयस, चुना बेतानं घालावा. जास्त झाला तर खाली बसलेलं जस्त पुन्हा पाण्यात विरघळतं. पान माझ्या हातातच राहिलं.

बाबू, माझ्या बापाची आमोण्याला शिंपल्यांच्या चुन्याची भट्टी होती. चुन्यातलं मला कुणी शिकवावं? तू गोकुळदासाला आणायला गेलास आणि मला तुझं माप कंजूष वाटलं. नातवाचं काम उणं पडू नये म्हणून वर चुन्याच्या दोन मुठी मी घातल्या. ढवळल्या पण. पानात चुना जास्त झाला की तोंड भाजतं, हे जन्मभर खाऊन ठाऊक. पिंपापाशी तेवढं आठवलं नाही.

काल कारखान्यावर जाऊन कामगारांदेखत गोकुळदासाला सांगितलं, "पोराचं माप बरोबर होतं. हात माझा चुकला." पुढच्या रविवारी तो पुन्हा पिंप भरून देतोय. तू ये. त्या दिवशी मी देवळात बसेन, चुन्याची डबी गौरवीच्या ताब्यात. रागावायचं असेल तर इथे येऊन रागाव.

तुझीच,
आजी

(अंगठा शाईचा आहे. चुन्याचा कागदावर दिसेना.)